ढोबळीचं बी कुणी जाळलं

ढोबळी मिरचीचं बी नखरेल असतं. टोमॅटो पाच-सहा दिवसांत तोंड वर काढतो, मेथी तर त्याच्याही आधी, पण ढोबळीला ऊब लागते, ओल लागते, अंधार लागतो, आणि एवढं सगळं देऊनही ती आठ-दहा दिवस तुमचा अंत पाहते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते बियांच्या नखऱ्यामुळे झालं असं आमच्या घरात अजूनही म्हणणारे आहेत. म्हणू देत. ते ट्रे मी उकरलेत आणि तो वास मी घेतलाय.

आम्ही मखमलाबादचे. घरामागे दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे, त्यात ढोबळी घेतो. रोपं दर वेळी नर्सरीतून यायची. गेल्या साली आलेली रोपं मुळातच कुजकी निघाली आणि लावल्यावर महिन्याभरात निम्म्या शेडनेटने माना टाकल्या. नर्सरीवाला म्हणाला, तुमच्या मातीचा दोष. तेव्हाच मी ठरवलं, यंदा रोपं घरी करायची. आमच्या ह्यांचं नाव समाधान, आणि त्यांचं कशानेही होतं. ते म्हणाले, कर तुला काय करायचं ते.

साई माझी मुलगी, आठवीत आहे. पुस्तकात डोकं घालण्यापेक्षा तिला मातीत हात घालायला जास्त आवडतं, आणि हे मी कौतुकाने सांगते, तक्रार म्हणून नाही. नारळाच्या भुशाच्या विटा बादलीत भिजून फुगल्या तेव्हा तिने कोपरापर्यंत हात बुडवून तो भुसा मोकळा केला. मग ट्रेच्या एकेका कपात बोटाने खळगा करायचा, चपटं पिवळसर बी आडवं ठेवायचं, वर चिमूटभर भुसा. माझी बोटं खुरप्याने जाड झालीत, माझ्याकडून एका कपात दोन-दोन बिया पडायच्या. तिची बोटं बारीक. म्हणून बी तिनेच टाकलं, एक दिवस शाळा बुडवून. रोपं चांगली झाली तर पुढच्या वर्षी आसपासच्या मळ्यांनाही आपणच रोपं द्यायची, असं तिच्या डोक्यात होतं. तसं तिने मला दोनदा बोलूनही दाखवलं.

संक्रांत नुकतीच झाली होती. निफाडला पारा सहावर आला की आमच्याकडेही सकाळी नळाखाली हात धरवत नाही. अशा थंडीत ढोबळी उगवायची तर ऊब कुठून आणायची? आमच्या घरात एकच उबदार जागा, न्हाणीमागची खोली. अंघोळीचं पाणी तापवायची चूल तिच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे भिंत दिवसभर कोमट राहते. तिथे ट्रे एकावर एक रचले, वर प्लास्टिक, त्यावर गोधडी. एक ट्रे थरावर नीट बसेना, कलंडायला लागला. तो साईने बाहेरच्या खोलीत इन्व्हर्टरवर ठेवला. इन्व्हर्टर गरम असतो, ही अक्कल तिची.

आता त्या न्हाणीमागच्या खोलीबद्दल सांगायला हवं. ती खोली आमच्याकडे बायकांच्या चार दिवसांची. महिन्याची पाळी आली की तिथे सतरंजी टाकून झोपायचं, स्वयंपाकघरात जायचं नाही, देवाला शिवायचं नाही, लोणच्याच्या बरणीला नाही, आणि शेडनेटमध्ये तर पाऊलसुद्धा टाकायचं नाही, सावली पडली तरी झाडं जळतात. मी सतरा वर्षं हे केलं. बायका म्हणतात, तेवढाच आराम. कसला आराम? धुणं चुकत नव्हतं, गोठा चुकत नव्हता, बाहेरच्या वावरातली निंदणी चुकत नव्हती. आणि मिरची तोडायला ज्या बाया रोजाने यायच्या, त्यांना एकीलाही कधी कुणी विचारलं नाही, बाई, तुझे दिवस तर नाहीत ना. त्यांच्या सावलीने झाडं जळत नसावीत. मला हे सगळं तेव्हाही दिसत होतं. मी बोलले नाही, एवढंच.

साईला पाळी सुरू होऊन तीनच महिने झाले होते. बी टाकल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तिने खोलीत जाऊन गोधडी बाजूला केली, ट्रे खाली-वर केले, वरून पाण्याचा फवारा मारला, आणि मग न्हाणीत गेली तेव्हा तिला कळलं. आठवीतल्या पोरीला ते आधी कसं कळणार? तिने सरळ येऊन मला सांगितलं. आणि ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या माझ्या सासूने, नवसाबाईंनी, ते ऐकलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. आत्या आरडाओरडा करणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "बियाला हात लावून मंग आली का आदी आली?" साईने खरं ते सांगितलं. आत्या लसूण सोलत राहिल्या. मला वाटलं, चला, निभावलं.

मग मी जे केलं ते मला अजून खातं. खोलीत बी होतं म्हणून साईला तिथे झोपवायचं नाही, असं आत्यांनी ठरवलं. तिची सतरंजी बाहेरच्या खोलीत टाकली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, चार दिवस तू ट्रेकडे फिरकू नकोस, मी बघते. तिने विचारलं, "मम्मी, खरंच मरतं का गं बी?" मी म्हटलं, नाही मरत, पण आजीचं ऐक. त्या 'पण'ची मला लाज वाटते. मला घरात कटकट नको होती, म्हणून मी पोरीला एका वाक्यात दोन गोष्टी सांगितल्या, आणि तिने त्यातली कुठली धरायची ते तिच्यावर सोडलं.

त्या चार दिवसांत ट्रेंचं पाणी मी बघायला हवं होतं. पण टोमॅटोची झाडं तारेला बांधायची निघाली, मी पहाटेपासून वावरात. आत्या म्हणाल्या, मी बघते बियाचं, तू जा. मला बरंच वाटलं.

दहाव्या दिवशी आम्ही गोधडी काढली. जाऊबाई मनीषा शेजारच्याच घरात राहतात, त्याही बघायला आल्या होत्या. पहिला ट्रे काढला, काही नाही. दुसरा काढला, काही नाही. तिसऱ्यात मी बोटाने भुसा उकरला तर बी फुटलेलं होतं. फुटून मूळ बाहेर आलं होतं आणि ते मूळ तपकिरी होऊन मऊ पडलं होतं. म्हणजे बी चांगलं होतं. ते जगायला निघालं होतं आणि वाटेत मेलं. सगळे ट्रे तसेच.

आत्या उभ्या होत्या. मनीषाबाई होत्या, हे होते, आणि दारात दप्तर पाठीला लावून साई होती. आत्यांनी सावकाश सांगितलं, जसं काही भाजीचा भाव सांगतायत. "पोरीचा हात लागला तवाच मला कळलं व्हतं. बी जळलं."

ह्यांनी डोकं खाजवलं. मनीषाबाई चुकचुकल्या. मी मेलेल्या बियांकडे बघत होते, माझं डोकं तिकडेच होतं, आणि मी वर बघेपर्यंत साई शाळेला गेली होती.

मनीषाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या मळ्यात झालं होतं की समाधानच्या पोरीच्या हाताने ढोबळीचं बी जळलं. मला एका बाईने दुधाच्या डेअरीवर विचारलं, खरं का? मी तिला जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

पण माझा खरा संताप तिथून सुरू झाला नाही. तो दोन दिवसांनी झाला. मी मेथीच्या जुड्या बांधत होते, साईला म्हटलं, ये गं, चार जुड्या बांध. तिची पाळी तर केव्हाच संपली होती. ती आली, समोर बसली, आणि दोन्ही हात काखेत घालून बसून राहिली. मी म्हटलं, बांध ना. ती म्हणाली, "तूच बांध. पिवळी पडंल." तेव्हा मला दिसलं की ही पोर दोन दिवस अशीच वावरतेय. तुळशीला लांबून वळसा घालते. शेडनेटच्या बाजूने न जाता विहिरीवरून फिरून येते. पाण्याच्या माठाला हात लावत नाही, मला पाणी मागते. जिला कोपरापर्यंत भुशात हात घालायचे होते, ती पोर स्वतःच्या हातांना भ्यायला लागली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उठले आणि न्हाणीमागच्या खोलीत गेले. ट्रे अजून तिथेच पडले होते. एक ट्रे दारात उजेडात आणला. भुसा वाळला होता आणि वरती पांढरट खारा थर धरला होता. पाण्याचा असा थर धरत नाही. मी कपातला भुसा नाकाशी नेला. तो वास मला ओळखायला वेळ लागला नाही, जन्म गोठ्यात गेलाय. गोठ्यात जाऊन पाहिलं. पिकाला घालायच्या जीवामृतासाठी आम्ही गोमूत्र पाच लिटरच्या कॅनमध्ये धरून ठेवतो. संक्रांतीला भरलेला कॅन तळाला गेला होता, आणि त्या महिन्यात आम्ही जीवामृत केलंच नव्हतं.

गोमूत्र वाईट नाही. फवारणीला आम्हीही वापरतो, पण एका पेल्याला दहा पेले पाणी घालून. कोरं गोमूत्र तणावर ओतलं तर तण मरतं, हे शेतकऱ्याच्या घरात पोरासोरांना ठाऊक असतं. उगवत्या ढोबळीचं कोवळं मूळ दोऱ्याएवढं, त्याची काय कथा.

मग मला इन्व्हर्टरवरचा ट्रे आठवला. बाहेरच्या खोलीत साई झोपत होती, आणि त्या ट्रेचं आत्यांना ठाऊकच नव्हतं, तिथे तर त्या काही शिंपडायला गेल्या नव्हत्या. मी बघायला गेले तर इन्व्हर्टरवर काही नव्हतं. साईला विचारलं, तो ट्रे कुठंय? ती पायाने माती उकरायला लागली. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, टाकला. कुठे टाकला? उकिरड्यावर.

मी अनवाणी उकिरड्यावर गेले. ट्रे पालथा पडला होता. उलटा केला तर निम्मे कप रिकामे झाले होते, पण राहिलेल्या निम्म्यांत रोपं होती. दोन दिवस पालथी पडून पिवळट झालेली, वाकडी, काहींच्या डोक्यावर अजून बियांची टरफलं अडकलेली. पण उगवलेली. जिवंत.

साई मागे येऊन उभी होती. मी विचारलं, अगं, हे उगवलं होतं, मग टाकलंस का?

"त्याला मी चारी दिवस पाणी घातलं होतं," ती म्हणाली. "हात लावून. तू नको म्हणली होतीस तरी. मला वाटलं, आजीला कळलं तर हेबी माझ्यामुळं खराब झालंय म्हणंल. आणि हे लावलं तर शेडनेटमधली सगळीच जळतील."

म्हणजे बघा. तिचा काही दोष नाही याची अख्ख्या घरात एकच साक्ष होती, आणि ती या पोरीने स्वतःच्या हाताने उकिरड्यावर टाकली होती. कारण ज्या हाताने ती रोपं उगवली त्या हातावरच तिचा विश्वास उरला नव्हता. मला रडू आलं नाही. मला कुणालातरी धरून हलवावंसं वाटलं, आणि त्यात मीही होते.

ट्रे घेऊन मी घरात आले. आत्या ओट्यावर होत्या, हे जेवत होते. मी आधी मनीषाबाईंना हाक मारली, भिंतीवरून, मोठ्याने. त्या धावत आल्या, असल्या वेळी त्या धावतच येतात. मग ट्रे आत्यांच्या समोर आपटला.

"ह्याला साईनं चारी दिवस हात लावला," मी म्हटलं. "बघा."

आत्यांनी पाहिलं. "आन् खोलीतल्याला?"

"त्याला तुम्ही लावला."

मी कॅन आणून शेजारी ठेवला. आत्यांनी एकदाही नाकारलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. त्या म्हणाल्या, विटाळ झाला म्हणून शुद्ध केलं, सकाळ-संध्याकाळ, चार दिवस, सगळ्या ट्रेवर. मी विचारलं, पाणी घालून? त्यांना माझ्या अज्ञानाचं नवल वाटलं. पाणी घातल्यावर ते शुद्ध कसं राहील? त्या तर बी वाचवायला गेल्या होत्या. त्यांच्या सासूने त्यांना असंच शिकवलं होतं, आणि त्या पोरवयात इथे आल्या तेव्हा त्यांना त्या चार दिवसांत गोठ्यात झोपवायचे. हे त्यांनी मला पूर्वीही सांगितलं होतं, आणि पूर्वी मला त्यांची कीव यायची. त्या दिवशी आली नाही. जे तुमच्यावर झालं ते वाईट होतं हे तुम्हाला कळतं, मग ते पुढे कशाला वाढायचं? असं मी त्यांना विचारलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी त्या आवाजात बोलले.

हे मध्ये पडले. म्हणाले, "जाऊ दे ना छाया. बी परत आणू. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे."

घरातली गोष्ट! डेअरीवर पोहोचली तेव्हा ती कुणाला घरातली वाटली नव्हती. मी त्यांना सांगितलं, ज्या नर्सरीतून आपण रोपं आणतो तिथे तीस बाया ट्रे भरतात. त्यातल्या रोज चार-पाच तरी तशा असणार, आणि त्यांना कुणी घरी पाठवत नाही, पाठवलं तर काम होणार नाही. त्यांच्या हातची रोपं कळवणपासून निफाडपर्यंत लागतात. सगळ्या जिल्ह्याची भाजी त्या हातांनी उगवते, आणि फक्त आपल्या पोरीच्या हाताने जळते का? त्यांनी ताटात बघून भात कालवला. मनीषाबाई म्हणाल्या, नाही गं, मला तेव्हाच वाटलं होतं की गोमूत्राचंच असणार. मी त्यांच्याकडे बघितलं, तशा त्या गॅसवर दूध ठेवलंय म्हणून निघून गेल्या.

मी आत्यांना म्हटलं, साई दारात उभी आहे, तिला सांगा की बी तिच्यामुळे गेलं नाही.

आत्यांनी ट्रे जवळ ओढून एक रोप बोटाने सरळ केलं. शेवटी म्हणाल्या, "गोमूत्र जास्त झालं आसंल." मी थांबले. त्यांनी साईकडे न बघता पुढे जोडलं, "पण हात लावाया नको व्हता."

त्यांच्या वाक्यातही 'पण' होताच. मी कुणाला काय बोलणार?

आठवड्याने नवं बी आणलं. विटा भिजवल्या, ट्रे धुऊन उन्हात वाळवले, न्हाणीमागच्या खोलीतली सतरंजी काढून जाळली आणि त्या खोलीला कुलूप लावून किल्ली कनवटीला ठेवली. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मलाही बोलायचं नव्हतं. रविवारी सकाळी मी भुसा भरून ट्रे अंगणात मांडले आणि साईला हाक मारली. ती येईल की नाही याची मला धास्ती होती.

ती आली. साबणाने हात धुऊन आली, कोपरापर्यंत, आणि परत जाऊन पुन्हा एकदा धुऊन आली. समोर बसली. मी पाकीट फोडून तिच्या तळहातावर बी ओतलं तेव्हा तिने हात मागे घेतला नाही. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, संपलं एकदाचं, पोरीला कळलं, घरातल्या सगळ्यांना कळलं.

तिने पहिल्या कपात खळगा केला. मग थांबली. डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत तिने ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं, आणि माझ्याकडे बघून शहाण्या बाईसारखं हसली.

"आज चालंल मम्मी," ती म्हणाली. "अजून आठ दिवस हायेत."

मग मी तिचा तळहात धरला, त्यातलं बी एकेक करून पाकिटात परत भरलं आणि पाकिटाचं तोंड दुमडलं. हे गोठ्यातून बघत होते. ते म्हणाले, आता काय झालं, आधीच तीन आठवडे उशीर झालाय, आणखी लांबलं तर फुलं एप्रिलच्या उन्हात सापडतील, सगळी गळतील. खरं होतं ते. मी म्हटलं, गळू देत.

मग मी साईला सांगितलं, या खेपेला 'पण' न लावता. आज लावायचं नाही. आठ दिवसांनी लावू. तुला पाळी येईल त्या दिवशी, न्हाणीतून आलीस की लगेच, इथेच अंगणात, आजीच्या समोर. सगळं बी तू एकटीने टाकायचं, मी ट्रे उचलायलाही हात लावणार नाही.

ती घाबरली. तिने ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि नाय उगवलं तर?"

"तर बी खराब निघालं म्हणायचं," मी म्हटलं. "दुसऱ्यांचं उगवलं नाही की सगळे तेच म्हणतात."